कासार आंबोलीची टिकटिक

"अंकल आहेत का?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, देवच जाणे. हिंजवडीहून एखादी गाडी येऊन पौडला आमच्या दारात थांबते. डिकीतून एक जडशीळ खोकं निघतं, दोघं जण ते धरून पायरीपर्यंत आणतात आणि मला म्हणतात, "आँटी, गिटारचा अँप्लिफायर दाखवायचा होता. अंकल आहेत का?" मी म्हणते, "आहेत की, आत बसलेत." मग ते आत जाऊन आमच्या ह्यांना सगळं दुखणं अर्ध्या इंग्रजीत सांगतात. हे शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "काय म्हणालात?" जन्मभर लग्नांत नि जत्रांत कर्ण्यापुढं उभं राहून आमच्या ह्यांचे कान गेलेत. मग ह्यांचं बोट माझ्याकडं वळतं. "मिस्त्री ती हाय." तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात. मला अजून मजा येते, खोटं कशाला बोलू?

ह्यांचा मंडप-स्पीकरचा धंदा होता. मी लग्नाआधी पिरंगुटच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला होते, त्यामुळं तारेची भीती नव्हती. ह्यांचे अँप्लिफायर दर लग्नसराईत जळायचे. ते डोक्यावर घेऊन मी बाजारात तांबोळीचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जायची. चार वेळा गेल्यावर चाचा म्हणाले, "सुमन, दर वेळी हे ओझं वाहतेस, त्यापेक्षा बस इथं आणि शिकून घे." बसले, ती बसलेच.

चाचांचा पहिला धडा असा, की उघड्या मशीनमध्ये एकच हात घालायचा, डावा हात खिशात. त्या काळचे अँप्लिफायर व्हॉल्वचे. आत तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसते. दोन्ही हात आत गेले, तर एका हातातून शिरलेली वीज छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडते. धडा चांगला होता, पण नऊवारीला खिसा कुठला? मी डावा हात पाठीमागं घेऊन कमरेशी पदरात खोचायला लागले. अजूनही भाजीला फोडणी देताना माझा डावा हात आपोआप मागं जातो. सून हसते.

आता हा व्हॉल्व म्हणजे काय, ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. काचेचा छोटा दिवा समजा, तापला की आवाज मोठा करणारा. असे तीन-चार एका ओळीत असतात. पहिला गिटारच्या तारेची कुजबुज ऐकतो, ती मोठी करून दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. त्यामुळं पहिल्याच्या कानात काही भलतं शिरलं की शेवटी गाव गोळा होतं. गिटारवाले लोक आजही ह्या जुन्या दिव्यांसाठी जीव टाकतात. म्हणतात ह्याच्या आवाजाला ऊब असते. असते खरी.

बिघाड शोधायची माझी रीत साधी आहे. नको तो आवाज येत असला की पहिला व्हॉल्व उपसायचा. आवाज बंद झाला, तर चोर पहिल्यात किंवा त्याच्याही आधी. नाही झाला, तर दुसरा उपसायचा. असं पुढं पुढं जायचं. कानाला सवय झाली की उपसायच्या आधीच अंदाज येतो. सतत 'घूं' असेल तर कंडेन्सर म्हातारे झाले. बटण फिरवताना खरखर आली, तर आत धूळ. ठोका दिल्यावर कडाड वाजलं, तर कुठं तरी सोल्डरचा डाग सुटलाय. अगरबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी घेऊन एकेक जोड टोचत जायचं. त्यासाठी आमच्या देवघरातल्या काड्या मी कधी फेकू दिल्या नाहीत.

आणखी एक युक्ती मला कुणी शिकवली नाही, ती सासूबाईंमुळं सापडली. मी कामाला बसताना बांगड्या काढून ठेवायची, ते सासूबाईंना अजिबात खपायचं नाही. "भरल्या घरात मोकळ्या हातानं बसतीस?" शेवटी मी बांगड्या कोपरापर्यंत सारून वर रुमाल बांधायला लागले. एकदा रुमाल सुटला, हिरवा चुडा खळ्ळकन मनगटावर आला आणि बाहेर अंगणात टांगलेल्या कर्ण्यातून अख्ख्या आळीला ऐकू गेलं, किण्ण! मी चपापलेच. पुन्हा हात हलवला, पुन्हा किण्ण. एका व्हॉल्वच्या आतली जाळी सैल झाली होती आणि तो माइकसारखा आजूबाजूचं ऐकायला लागला होता. तेव्हापासून मी प्रत्येक मशीनपाशी एकदा बांगड्या वाजवून बघते. हिंजवडीच्या एका साहेबानं त्याचा व्हिडिओ काढून नेलाय. बघू दे जगाला.

पण सगळंच काही मिरवण्यासारखं नाही. एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका सप्ताहात आमचा अँप्लिफायर आणि देवळातला टेपरेकॉर्डर एकमेकांना जोडल्यावर भयंकर 'घूं' येत होती. लोक माना वळवून बघायला लागले, हे माझ्यावर खेकसले. मी पकड घेतली आणि अँप्लिफायरची अर्थिंगची वायर तोडून टाकली. 'घूं' गायब! माझी कॉलर ताठ. दुसऱ्या दिवशी दमट हवेत ट्रान्सफॉर्मरची वीज आतल्या आत पत्र्यावर उतरली. अर्थिंग असती तर ती गुपचूप जमिनीत गेली असती. आमच्या भजनीबुवांनी एका हातात माइक घेतला आणि दुसरा हात मंडपाच्या लोखंडी खांबाला लावला. बुवा चार हात लांब फेकले गेले. जगले, पण बोटं भाजली, महिनाभर मृदंगाला हात लावता आला नाही. सगळे म्हणाले लाइटच खराब. मी आठ दिवस गप्प होते. मग जेवण जाईना, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन पाय धरले आणि सांगितलं. बुवांनी भाजलेली बोटं माझ्यापुढं धरली. मग म्हणाले, "आवाज बंद करायचा म्हून मानूस बंद करतीस व्हय गं?"

ते वाक्य माझ्या कामाच्या टेबलावर कायमचं येऊन बसलंय. त्यानंतर मी कुणाची अर्थिंग तोडली नाही.

आता कासार आंबोलीचं सांगते. गणपती उठल्यावरची गोष्ट. शशिकांतराव नावाचे एक गृहस्थ आले. वय पंचाहत्तरीचं, शर्ट इस्त्रीचा, बोलणं अदबीचं. पूर्वी पुण्यात ऑर्केस्ट्रामध्ये हवाईयन गिटार वाजवायचे, म्हणजे ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत वाजवतात ती. आता मुलानं कासार आंबोलीला बंगला बांधलाय, तिथं बायकोबरोबर राहतात. त्यांचा व्हॉल्वचा अँप्लिफायर चाळीस वर्षांचा, एका जुन्या कारागिरानं हातानं बांधलेला. उघडून बघितला आणि जीव सुखावला. एकेक वायर चापूनचोपून बसवलेली.

"टिकटिक येते," ते म्हणाले. "अगदी एका लयीत. टिक, टिक, टिक."

टेबलावर चालू केला. कसली टिकटिक? दोन दिवस चालू ठेवला, काही नाही. तरी मी जुने कंडेन्सर बदलले, सॉकेट घासले, पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी परत आले. "टिकटिक तशीच आहे हो, सुमनताई." मी पुन्हा सगळे डाग तपासले, पाठवला. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझं डोकं फिरलं. माझा एक नियम होता, की मशीन माझ्या टेबलावर यायचं, मी कुणाच्या घरी जायची नाही. डॉक्टर जातात का आता घरी? मी म्हटलं, "काका, माझ्याकडं मशीन मुक्यासारखं बसतंय. तुमच्या भिंतीवर घड्याळ असेल, ते ऐकू येत असेल तुम्हाला."

त्यांनी खोकं जवळ ओढलं. खोक्याच्या कडेवरून नुसता हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझ्यासाठी नाही हो. नलूसाठी."

नलिनीताई त्यांची बायको. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मान हलवून हो-नाही, तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं येईलच असं नाही. एका दुपारी शशिकांतरावांनी सहज गिटार काढली आणि एक जुनं गाणं वाजवलं. पहिली ओळ संपली, आणि पलंगावरून दुसरी ओळ आली, शब्दांसकट. बाईला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, पण गाणं म्हणता आलं! तेव्हापासून रोज चार वाजता ते वाजवतात, ती गाते. हळूहळू गाण्याबाहेरचाही एखादा शब्द यायला लागला होता. एकदा तर तिनं 'शशी' म्हटलं.

"आणि आता ही टिकटिक," ते म्हणाले. "तिची लय वेगळी, गाण्याची वेगळी. नलू गोंधळते, ताल चुकतो, मग तोंड मिटून घेते. पंधरा दिवस झाले, एक शब्द नाही. मुलानं नवीन छोटा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर आणून दिला. त्यात टिकटिक नाही, पण तो आवाज तिला ओळखूच येत नाही. मान फिरवते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळ म्हणे! आणि त्याच क्षणी डोक्यात दिवा लागला. तीन वेळा माणूस आला, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

"काका, त्या नव्या मशीनच्या प्लगला पिना किती?"

"दोन."

"आणि ह्याला तीन." तिसरी जाड पिन अर्थिंगची. म्हणजे टिकटिक मशीनमधून नाही, जमिनीतून येत होती.

"आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, ती जाड पिन कापून टाका, आवाज बंद होईल," शशिकांतराव म्हणाले. "कापू का?"

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की आत बसलेल्या आमच्या ह्यांनाही ऐकू गेलं. मग मी त्यांना बुवांची गोष्ट सांगितली. शशिकांतरावांच्या तर हातात लोखंडी कांडी, कांडीखाली तारा, तारा मशीनच्या पत्र्याला जोडलेल्या. पत्र्यावर वीज उतरली तर पहिली त्यांनाच मिळणार. "मी येते उद्या," मी म्हटलं. नियम गेला चुलीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला स्कूटरवरून कासार आंबोलीला नेलं. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. बंगला छान, पुढं हिरवळ, मागं खाचरं. आतल्या खोलीत पलंगावर नलिनीताई उशीला टेकून बसलेल्या. गोऱ्यापान, केसांची नीट वेणी घातलेली, डाव्या हातात हिरव्या बांगड्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

अँप्लिफायर चालू केला. टिक. टिक. टिक. खरं सांगते, मला आनंद झाला. दुखणं डोळ्यांसमोर आलं की निम्मं काम झालं. गिटारची वायर काढली, तरी टिकटिक. फ्रिज बंद, इन्व्हर्टर बंद, पंखे बंद, तरी टिकटिक. मग मी पिशवीतून माझा जुना खिशातला रेडिओ काढला आणि मीडियम वेव्हवर, जिथं कुठलंच स्टेशन नाही, तिथं लावला. वीज कुठं उसळत असेल तर हा रेडिओ लगेच चुगली करतो. खोलीत अगदी बारीक टिकटिक. व्हरांड्यात जरा मोठी. मी रेडिओ हातात धरून बागेतून निघाले, आणि हे मागून म्हणतात, "अगं, बातम्या आईकत कुटं निघालीस?"

कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात रेडिओ टाहो फोडायला लागला. तिथं बंगल्याच्या अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप. पाइपाला एक वेगळीच तार गुंडाळलेली, आणि ती तार भिंतीवरून पलीकडच्या खाचरात गेलेली. तिकडं बांधाबांधानं काठ्यांवर तार ताणलेली होती आणि एका खांबाला खोकं लटकत होतं. झटका मशीन! रानडुकरांसाठी लावतात ते. दर सेकंदाला कुंपणात एक झटका सोडतं, डुकराला चटका बसतो आणि ते पळतं. त्याचा प्रत्येक झटका ह्या पाइपातून परत येताना बंगल्याच्या अर्थिंगमध्ये घुसत होता आणि शशिकांतरावांच्या पहिल्या व्हॉल्वच्या कानात टिक म्हणत होता.

"काय करताय तितं, बाई?" पलीकडून एक पागोटंवाले म्हातारे उभे राहिले. नामदेवतात्या. बंगल्याची जागा त्यांनीच विकलेली.

"ही तार कुणाची, तात्या?"

"माजीच. का वं?"

"दुसऱ्याच्या अर्थिंगला का जोडली?"

"दुसऱ्याच्या कशानं? रान माजंच व्हतं की. मशीनवाला म्हनला, अर्थिंग ओली पायजे. माज्या बांधाला निस्ता खडक. ह्यांचं बागंचं पानी रोज त्या खड्ड्यात मुरतंय. म्हनलं वाया का घालवायचं?"

मी कपाळावर हात मारला. पण म्हाताऱ्यावर रागावता येईना. रान विकलं तरी पाइप आपलाच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"ती तार आत्ता काढायला लागेल," मी म्हटलं.

"आन् डुकरं? गेल्या आठवड्यात निम्मं खाचर लोळवलंय त्यांनी. तुमी येनार व्हय राखनीला?"

मी वाद घातला नाही. म्हटलं, "तात्या, आधी आत या. तुमचं मशीन कसं वाजतंय ते ऐका." ते चिखलाचे पाय पुसून आत आले. स्पीकरमधून टिक, टिक. तात्यांचा चेहरा उजळला. "आयला! ही माजी मशीन हाय व्हय? लई झ्याक ऐकू येतीया!" आणि मग त्यांचं लक्ष पलंगाकडं गेलं. नलिनीताई तोंड मिटून भिंतीकडं बघत बसल्या होत्या. मी तात्यांना दोन वाक्यांत सांगितलं, ही टिकटिक सुरू झाली आणि बाईंचं बोलणं बंद पडलं. तात्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"वैनी मला हाक मारायच्या," ते म्हणाले. "आजारी पडायच्या आदी. कुंपनावरनं. 'तात्या, च्या घ्या' म्हून." पागोटं तसंच हातात घेऊन ते बाहेर गेले आणि तार ओढून काढली. खोलीत एकदम शांत झालं. नुसती जुन्या व्हॉल्वची बारीक सळसळ, तीही जवळ कान नेला तर.

पण डुकरांचा प्रश्न होताच. मी तात्यांबरोबर खाचरातून फिरले. खालच्या अंगाला ओढा होता, बंगल्यापासून चांगला लांब. तिथली माती बारा महिने ओली. म्हटलं, इथं तीन पाइप ठोका, एकमेकांपासून तीन-तीन पावलांवर, मीठ-कोळसा घाला आणि तिथून स्वतःची तार न्या. तात्या म्हणाले, "आत्ताच ठोकतो. कोळसा घरी हाय." आमचे हे स्कूटर लावून पहार घेऊन त्यांच्या मदतीला गेले. दोघं म्हातारे एकमेकांवर ओरडत खड्डे खणत होते, ते बंगल्यापर्यंत ऐकू येत होतं.

चार वाजले. कुंपण पुन्हा चालू झालं होतं. मी अँप्लिफायर लावला, टिक नाही. शशिकांतरावांनी गिटार मांडीवर घेतली. पहिलं गाणं वाजवलं, नलिनीताई भिंतीकडंच बघत होत्या. दुसरं वाजवलं, काही नाही. शशिकांतराव माझ्याकडं बघेनात, मी त्यांच्याकडं बघेना. वाटलं, उशीर झाला. दोन वेळा मशीन माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी ऐटीत नियम सांगत बसले, तेवढ्या दिवसांत बाई सगळं विसरून गेल्या. देवा, माझ्या हट्टापायी दुसरे बुवा होऊ देऊ नकोस, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्या गाण्याला नलिनीताईंनी मान वळवली. डावा हात उचलला, पलंगाला लागून ठेवलेल्या अँप्लिफायरच्या खोक्यावर ठेवला आणि ताल धरला. एक ओळ गेली. दुसरी आली, ती त्यांनी उचलली. आधी अस्पष्ट, मग शब्द न् शब्द. दारात तात्या चिखलाच्या हातांनी उभे, त्यांच्यामागं आमचे हे. ह्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण बाईंचे ओठ दिसत होते, तेवढ्यानं ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही.

आणि तेवढ्यात माझ्या कानानं ते पकडलं. गाण्याच्या खाली, स्पीकरमधून, तालावर, किण्ण... किण्ण... पहिला व्हॉल्व! जाळी सैल. बाईंच्या बांगड्या खोक्यावर आपटत होत्या आणि तो दिवा त्या ऐकून सगळ्या खोलीला सांगत होता. माझ्या टेबलावर हे मला कळलं नव्हतं, कारण टिकटिक शोधण्याच्या नादात मी बांगड्या वाजवायलाच विसरले होते. नवा व्हॉल्व पिशवीत होता, मोज्यात गुंडाळलेला. माझा हात सवयीनं पिशवीत गेलासुद्धा.

गाणं संपलं. शशिकांतरावांनाही ऐकू आलं होतं. "ताई, हा कसला आवाज?"

"व्हॉल्व बदलायला झालाय," मी म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे. बदलू?"

त्यांनी बायकोच्या हाताकडं बघितलं. हात खोक्यावरच होता, पुढच्या गाण्याची वाट बघत. त्यांनी कांडी उचलून पुढचं गाणं सुरू केलं. मी मोजा पिशवीत परत ठेवला. इतक्या वर्षांत कळत असलेला बिघाड तसाच ठेवून मी पहिल्यांदाच घरी आले.

निघताना मी दारात होते, तेव्हा नलिनीताईंनी मागून काही तरी म्हटलं. मी वळले. त्या माझ्याकडं नाही, तात्यांकडं बघत होत्या. ओठ दोनदा जुळले, सुटले. मग आलं, "तात्या... च्या." तात्या तिथंच उंबऱ्यावर बसले.

परवा शशिकांतरावांचा फोन आला. तात्यांचं भात डुकरांपासून वाचलं, चार पायली बंगल्यावर पाठवलंय, असं म्हणाले. मी मशीनचं विचारलं. काही तक्रार?

"तशी नाही," ते म्हणाले. "ती किणकिण मात्र रोज येते."

"येऊ द्या," मी म्हटलं.